परमुलखात वाढलेली मुले

पोटापाण्यासाठी गाव सोडून जाणे ही गोष्ट आपणांपैकी कोणासही नवी नाही. बहुतेक खेड्यांत दोनचार घरे तरी अशी असतात की ज्यांतला कर्ता माणूस मुंबईस, पुण्यास अथवा त्याहूनही दूर गेलेला असतो. जाणाऱ्याच्या हालअपेष्टांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. परंतु त्याच्या पाठीमागे एक दुसरी पिढी वाढत असते. तिने गाव सोडलेले नसते, कारण तिने ते कधी पाहिलेलेच नसते. परक्या मुलखात जन्मलेली, घरात एक भाषा आणि दाराबाहेर दुसरी भाषा बोलणारी ही मुले कशी वाढतात, त्यांच्यावर कोणता भार पडतो, आणि पुढे जाण्याचे बळ त्यांस कोठून मिळते, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

शास्त्राच्या वाचकांस हा विषय अगदीच अपरिचित नाही. मोशे मिद्यान देशी राहिला असता त्यास पुत्र झाला, आणि त्याने त्याचे नाव गेर्षोम ठेविले. त्या नावात बापाच्या परकेपणाची आठवण गोविलेली आहे. मुलगा त्याच देशात जन्मला होता. परका होता तो बाप. तरी बापाचे परकेपण मुलाच्या नावास चिकटले ते चिकटलेच. अशीच गोष्ट पुढे जगात असंख्य घरी घडली आहे. त्यांपैकी एका समाजाची हकीकत आम्ही उदाहरणादाखल घेतो. अमेरिकेत पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर जाऊन वसलेल्या जपानी लोकांची ती हकीकत होय. हीच का घ्यावी असे कोणी विचारील, तर उत्तर असे की, इतर ठिकाणी जे ओझे मुलांच्या मनावर नकळत पडते, ते येथे कायद्याने लिहून त्यांच्या माथी ठेविले होते.

१. घर कोणाच्या नावे?

जपानी लोक आपल्या देशांतर केलेल्या पहिल्या पिढीस 'इस्सेई', तिच्या परदेशी जन्मलेल्या मुलांस 'निसेई' आणि नातवंडांस 'सान्सेई' असे म्हणतात. इस्सेई लोक मुख्यत्वेकरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी आले. त्यांनी शेतात, रेल्वेच्या रस्त्यावर, मासळीच्या कारखान्यांत व घरकामात अंग मोडून काम केले. तथापि अमेरिकेचे नागरिक होण्याची वाट त्यांस बंद होती. १९२२ साली ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की, जपानी मनुष्य नागरिकत्वास पात्र नाही. पुढच्याच वर्षी, १९२३ साली, भगतसिंग थिंद ह्या पंजाबी गृहस्थांच्या खटल्यात हिंदी लोकांसही तेच उत्तर मिळाले. (आपल्या क्रांतिकारक भगतसिंगांशी ह्यांचा काही संबंध नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.) हिंदी लोकांस ती वाट १९४६ साली व जपान्यांस १९५२ साली मोकळी झाली.

परंतु तेथे जन्मलेले मूल मात्र जन्मतःच नागरिक होते. अशा रीतीने एकाच छपराखाली आईबाप परके आणि मुले देशाची, अशी स्थिती झाली. त्यातच कॅलिफोर्निया प्रांताने १९१३ साली असा कायदा केला की, ज्यांस नागरिक होता येत नाही त्यांनी जमिनीचे मालक होऊ नये. तेव्हा पुष्कळ बापांनी एकच उपाय केला. त्यांनी जमीन आपल्या लहान मुलांच्या नावे घेतली.

रिव्हरसाइड नावाच्या गावी जुकिची हाराडा हे गृहस्थ व त्यांची पत्नी केन ही एक खाणावळ चालवीत. भाड्याच्या कोंदट जागेत राहत असता त्यांचा एक लहान मुलगा घटसर्पाने वारला. तेव्हा उरलेल्या मुलांस तरी मोकळी हवा मिळावी म्हणून १९१५ साली बापाने एक साधे घर विकत घेतले आणि ते मिने, सुमी व योशिझो ह्या अमेरिकेत जन्मलेल्या तीन मुलांच्या नावे केले. शेजाऱ्यांस हे रुचले नाही. त्यांनी अधिक किंमत देऊन ते घर परत मागितले. हाराडा यांनी नाकारले. प्रकरण न्यायालयात गेले. १९१८ साली न्यायाधीशांनी असा निकाल दिला की, जमिनीचा कायदा कायदेशीर असला तरी ही मुले नागरिक आहेत, आणि त्यांचे घर त्यांच्यापासून घेता येणार नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या वयात लेकरांनी अंगणात खेळावे, त्या वयात ह्या तीन मुलांची नावे न्यायालयाच्या कागदावर चढली. आईबापांनी मुलांच्या डोक्यावर छप्पर घातले हे खरे. परंतु त्या छपराचा खांब मुलेच होती, हेही तितकेच खरे.

२. भार कसला?

हाराडांच्या मुलांचे नाव खतावर होते. इतर घरी कागद नसला तरी प्रकार तोच असतो. त्याचे तीन भाग करून पाहू.

पहिला भार दुभाष्याचा. मूल शाळेत जाऊन त्या देशाची भाषा लवकर शिकते. आईबाप दिवसभर राबतात, त्यांस ती येत नाही. मग डॉक्टरापुढे आईचे दुखणे मुलाने सांगावे, पेढीतला कागद मुलीने वाचावा, घरमालकाची धमकीही तिनेच बापास समजावून द्यावी, असे होते. आपल्या गावी ही गोष्ट कळावयास कठीण नाही. ज्या घरात पहिल्यानेच अक्षर शिरले, त्या घरचे पोर तलाठ्याच्या कचेरीत बापाबरोबर जाते आणि सातबारा वाचून दाखविते. त्या वेळी बापास अभिमान वाटतो, आणि आत कोठे तरी थोडी लाजही वाटते. मूल दोन्ही ओळखते. जे दुःख वडिलांनी लेकरांपासून राखून ठेवावयाचे, ते लेकराच्याच तोंडून वडिलांस कळावे, हा उलटा क्रम कोवळ्या जिवास जड जातो.

दुसरा भार दुहेरी आज्ञेचा. निसेई मुले दिवसा सरकारी शाळेत जात, आणि ती सुटल्यावर पुन्हा जपानी भाषेच्या शाळेत. घरी शिकवण अशी की, वडिलांपुढे मान लवावी, आपले दुःख गिळावे, घराण्यास बट्टा लागू देऊ नये. बाहेरची शिकवण अशी की, मोकळे बोलावे आणि आपला मार्ग आपण निवडावा. काही मुलांस आईबापांनी शिक्षणासाठी जपानात धाडले. ती परतली तेव्हा तेथे अमेरिकन व येथे जपानी म्हणून परकीच ठरली. त्यांस 'किबेई' असे वेगळे नावच पडले. घरच्या डब्यातले अन्न शाळेत उघडण्याची लाज वाटते, आणि त्या लाजेची पुन्हा घरी आल्यावर लाज वाटते. ही अवस्था ज्यांनी भोगली त्यांसच ठाऊक.

तिसरा भार उपकाराचा, आणि तो सर्वांत जड. इस्सेई आईबापांच्या तोंडी एक वाक्प्रचार असे, 'कोदोमो नो तामे नी', म्हणजे 'मुलांसाठी'. मुलांसाठी देश सोडला, मुलांसाठी अपमान सोसला, मुलांसाठी स्वतः अर्धपोटी राहिलो. ह्यात खोटे काहीच नव्हते. परंतु जे मूल हे शब्द ऐकत वाढते, ते मनाशी असा हिशेब करते की, आईबापांचे सारे आयुष्य माझ्यासाठी खर्ची पडले, तर माझे आयुष्य माझे कसे म्हणावे? नापास होणे मग नुसते नापास होणे राहत नाही; तो आईबापांच्या कष्टांचा अपमान ठरतो. शिवाय जगही साथ देत नसे. १९३० नंतरच्या दहा वर्षांत विद्यापीठाची पदवी घेतलेले कित्येक निसेई तरुण, गोरे लोक नोकरी देत नाहीत म्हणून, लॉस एंजेलिसात भाजीफळांच्या दुकानांत पेट्या रचीत उभे राहिले. घरची अपेक्षा डोंगराएवढी आणि बाहेरचे दार बंद, अशा कात्रीत ती पिढी सापडली होती.

३. बळ कोठून येते?

तथापि केवळ भार सांगून थांबणे अन्यायाचे होईल. पोर्तेस व रुम्बाउत ह्या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९९२ साली अमेरिकेतील मायामी व सॅन डिएगो ह्या शहरांच्या परिसरात, परदेशांहून आलेल्या आईबापांच्या पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलांची पाहणी आरंभिली, आणि ती मुले मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. त्यांस असे दिसून आले की, जेथे मूल नव्या भाषेत पुढे धावले व आईबाप मागे राहिले, तेथे आईबापांचा शब्द घरात हलका झाला आणि कलह वाढला. परंतु जेथे मुलाने नवी भाषा शिकूनही घरची भाषा राखली, तेथे घरातील बोलणे तुटले नाही, आणि अशा दोन्ही भाषा चांगल्या जाणणाऱ्या मुलांचा अभ्यासही सामान्यतः बरा झाला. घरची भाषा म्हणजे मागे ओढणारी बेडी, असा जो समज आहे तो ह्यावरून खोटा ठरतो. आज अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रेरणेने ज्या मराठी शाळा चालतात, त्यांचे महत्त्वही ह्याच दृष्टीने पाहावे.

दुसरी गोष्ट अब्रामित्स्की व बूस्टन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविली आहे. त्यांनी जुन्या शिरगणतीचे कागद ताडून, तसेच अलीकडची माहिती घेऊन, गरीब घरांत वाढलेल्या मुलांची तुलना केली. शंभर वर्षांपूर्वी काय आणि हल्ली काय, जवळजवळ प्रत्येक देशाहून आलेल्या आईबापांची मुले, तितक्याच गरीब अशा मूळच्या अमेरिकन घरांतील मुलांपेक्षा मिळकतीत वर चढली. ह्याचे एक मोठे कारण त्यांस असे आढळले की, देशांतर करणारा मनुष्य एका जागी जखडलेला नसल्यामुळे, जेथे काम व संधी आहे अशाच ठिकाणी तो बिऱ्हाड करतो, आणि त्याचा लाभ मुलांस होतो. दुसरे कारण त्यांनी असे सुचविले आहे की, पुष्कळ बाप आपल्या योग्यतेपेक्षा हलके काम करीत असतात. घरात विद्या असते, पैसा तेवढा नसतो.

ह्यातून आम्हांस एक बोध होतो. मुलांस जे बळ मिळाले ते आईबापांच्या टोचणीतून मिळाले असे कोणी समजू नये. आईबापांनी योग्य जागी बिऱ्हाड केले, घरात विद्येचा मान ठेविला आणि मुलांशी बोलणे तुटू दिले नाही, हे त्यातले मोठे साधन होते. टोचणी मुलास धाव घ्यावयास लावते हे खरे, परंतु कोठे थांबावे व कोणासाठी धावावे हे ती सांगत नाही.

४. कसोटीचा काळ

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच रात्रीपासून जपानी समाजातील वडीलधाऱ्या मंडळींस पोलिसांनी उचलून नेण्यास आरंभ केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका हुकुमावर सही केली, आणि त्या अन्वये सुमारे १,२०,००० लोकांस किनाऱ्यावरील घरे, शेते व दुकाने सोडून आतल्या ओसाड प्रदेशातील छावण्यांत नेण्यात आले. त्यांतले सुमारे दोनतृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले नागरिक होते.

हाराडांचे घरही सुटले नाही. जाण्यापूर्वी धाकट्या मुलाने निजण्याच्या खोलीच्या भिंतीवर ते घर सोडल्याची तारीख लिहून ठेविली. वृद्ध जुकिची व केन हे पुन्हा त्या घरी आले नाहीत. दोघेही युटा प्रांतातील टोपाझच्या छावणीतच मरण पावले, पत्नी १९४३ साली व पती १९४४ साली.

छावणीत कुटुंबाची घडी मोडली. सार्वजनिक भोजनगृहात मुले आपल्या सोबत्यांबरोबर जेवू लागली. आईने वाढलेले पान राहिले नाही. आरंभी छावणीच्या पंचायतीत निवडून येण्याचा हक्क फक्त नागरिकांस दिला होता, म्हणून बाप बसून राहिले व मुले कारभारी झाली. पुढे १९४३ साली सरकारने सर्व प्रौढांस एक प्रश्नावली दिली. सैन्यात जाल काय, आणि जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडाल काय, असे दोन प्रश्न तीत होते. ज्या बापास अमेरिका नागरिक करून घेत नाही, त्याने जपानही सोडला तर तो कोणत्या देशाचा राहिला? म्हणून इस्सेईंसाठी तो प्रश्न मागाहून बदलावा लागला. कित्येक तरुणांनी केवळ आईबापांची ताटातूट होऊ नये म्हणून 'नाही' असे उत्तर दिले. दुसऱ्या हजारोंनी 'होय' म्हटले. त्यांच्या ४४२ व्या पलटणीने इटलीत व फ्रान्सात मोठे शौर्य गाजविले, आणि त्याच वेळी त्यांतील कित्येकांचे आईबाप काटेरी तारेच्या आत होते. एकाच घरात दोन भाऊ दोन उत्तरे देऊन वेगळे झाले, असेही घडले.

ह्यांत आईबापांवर प्रेम कोणाचे अधिक होते? आमच्या मते हा प्रश्नच योग्य नव्हे. दोघांच्याही शब्दावर सारे घर टांगले होते. मुलास असे दोहोंपैकी एक निवडावयास लावणे, हाच खरा अपराध होता, आणि तो त्या मुलांचा नव्हे.

५. मौनाचे ओझे

लढाई संपली, लोक परतले. १९४५ साली सुमी हाराडा आपल्या घरी आली. एका मित्राने ते इतकी वर्षे सांभाळून ठेविले होते. जिच्या नावे बापाने लहानपणी घर केले, तिने आता छावण्यांतून परतलेल्या निराधार लोकांस त्याच घरात आसरा दिला. ते घर १९९० साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर झाले.

परंतु पुष्कळ घरी दुसरीच गोष्ट झाली. निसेई आईबाप बनले आणि गप्प झाले. छावणीचे नाव मुलांपुढे काढू नये, आपल्या दुःखाची सावली त्यांच्यावर पडू नये, असे त्यांस वाटले. हेतू चांगला होता, पण मुले आंधळी नसतात. घरात काही तरी झाकलेले आहे हे सान्सेई मुलांनी ओळखले, आणि मोठी झाल्यावर त्यांनी विचारण्यास आरंभ केला. १९८१ साली सरकारी चौकशी मंडळापुढे सातशेंहून अधिक लोकांनी साक्षी दिल्या. वृद्ध बाप उभा राहून बोलतो आहे आणि मुले ती हकीकत पहिल्यानेच ऐकत आहेत, असे देखावे तेथे दिसले. पुढे १९८८ साली सरकारने कायदा करून क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देण्याचे ठरविले.

एकंदरीत पाहता, आईबापांनी सोसलेल्या कष्टांचे घरात तीन प्रकारे होते. ते वारंवार बोलून दाखविले, तर त्यांचे कर्ज होते आणि मूल व्याज फेडीत राहते. ते झाकून ठेविले, तर मुलास अंधारात चाचपावे लागते. परंतु तेच कष्ट योग्य वेळी, खऱ्या खऱ्या, हिशेब न मागता सांगितले, तर मुलास तो वारसा होतो. उपकार बोलून दाखविणे आणि हकीकत सांगणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आजच्या पाठाचे सार आहे.

६. आपण काय करावे?

आईबापांनी: मुलास दुभाष्या करणे भागच पडेल तर पडो, परंतु कर्जाची, दुखण्याची व भांडणाची बोलणी त्याच्या तोंडी घालण्यापूर्वी शेजारचा एखादा समजूतदार प्रौढ मिळतो काय ते पाहावे. आपणही नवी भाषा, निदान कामापुरती, शिकावी. बाप अक्षर गिरवू लागला तर मुलापुढे त्याची मान खाली जात नाही, उलट वर होते. आणि घरची भाषा टाकू नये.

मुलांनी: आईबापांच्या अडखळत्या बोलण्याची लाज धरू नये. त्यांस जी भाषा येत नाही, ती न येताही त्यांनी तुमच्यासाठी त्या मुलखात घर केले, हे लक्षात आणावे. त्याचबरोबर हेही जाणावे की, आईबापांचे ऋण त्यांचे अपुरे राहिलेले आयुष्य जगून फिटत नाही. तुम्ही सरळ वागलात, त्यांस विचारीत राहिलात, आणि आपल्या दारी आलेल्या परक्यास आसरा दिला, म्हणजे फिटले असे समजा. सुमी हाराडा हिने तेच केले.

शेजाऱ्यांनी व मंडळीने: ऊसतोडीस, वीटभट्टीस अथवा शहरास जाऊन आलेल्या घरातले मूल शाळेत वा उपासनेत आले, तर त्याच्या बोलण्यास हसू नये. त्यास 'तू कोणत्या गावचा?' असे पुनःपुन्हा विचारून परके करू नये. अमेरिकेतील जपानी ख्रिस्ती मंडळ्यांनी वडिलांसाठी जपानी व मुलांसाठी इंग्रजी अशा दोन उपासना चालविल्या. ते एक शहाणपण होते. परंतु त्याहून मोठे शहाणपण हे की, आठवड्यातून एकदा तरी वडील व मुले एकत्र बसावीत, वडिलांनी मागची गोष्ट सांगावी, आणि मुलांनी ती ऐकावी.

मनन करण्यासाठी प्रश्न

(१) हाराडांचे घर मुलांच्या नावे का घ्यावे लागले? आपल्या गावी मुलांवर अशा कोणत्या जबाबदाऱ्या पडतात?
(२) दुभाष्याच्या कामामुळे मुलाच्या मनावर काय परिणाम होतो? तो कमी कसा करता येईल?
(३) उपकार बोलून दाखविणे आणि हकीकत सांगणे ह्यांत भेद काय? स्वतःच्या घरातील एक उदाहरण मनात आणा.
(४) आपल्या वडिलांनी अथवा आजीने गाव सोडले असल्यास, ते का व कसे, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? नसल्यास ह्याच आठवड्यात विचारा.